घरघंटी, चालू स्थितीत

जाहिरातीत एवढंच लिहिलं होतं:
घरघंटी, नऊ वर्षं वापरलेली, चालू स्थितीत,
सहा जाळ्या, ब्रश सोबत,
साडेसहा हजार, थोडं कमीजास्त होईल.
आवाज नाही.

हे शेवटचे दोन शब्द कुणी मागितले नव्हते.
मीच घातले, भाजीवर कोथिंबीर घालावी तसे.

गोठिवलीहून प्रमिला मढवी आल्या,
सोबत भाचा आणि टेम्पो.
जाळ्या मोजल्या, दार उघडून आत हात फिरवला,
बोटांना लागलेलं जुनं पीठ हुंगलं.
"ज्वारी," म्हणाल्या.
शुक्रवार होता, लोकमान्य नगरात लाइट नव्हती.
चालवून न बघताच त्यांनी सहा हजार पाठवले.
माणूस बघून घेतेय, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे मेसेज:
आवाज येतो काका.
मग: लय येतो.
मग: भाकऱ्यांची ऑर्डर असते, चारला दळायला घेते,
शेजारी दारात येऊन उभे.
मग: पैसे परत करा.

मी लिहिलं, टेम्पोत हादरली असेल.
त्यांनी लिहिलं, गादीवर ठेवून आणली.
मी लिहिलं, तांदूळ दमट असेल.
त्यांनी लिहिलं, मला तांदूळ शिकवू नका.
मी लिहिलं, एकदा विकलेला माल
आणि पुढचं खोडलं,
कारण हेच वाक्य नाक्यावरच्या दुकानात
भिंतीवर वाचून मी भांडलो होतो,
एका छत्रीवरून, भर बाजारात.

मग व्हिडिओ आला. एक मिनिट अकरा सेकंद.
खाली गोणपाट, वर खंडोबाचा फोटो थरथरतोय.
मी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवला.
भुंग्याएवढी घरघर. नऊ वर्षं ऐकली तीच.
लिहायला घेतलं, यात कुठे आहे
तेवढ्यात आतून ऊर्वी ओरडली,
"आजोबा, बंद करा ना ते! दात शिवशिवतात."

परत लावला. ती कानात बोटं घालून दारात आली.
परत लावला, तिच्या तोंडाकडे बघत.
पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं, म्हणाली,
मधे थांबतं, परत ओढतं.
"पहिल्यापासून आहे की.
आजी दळायला बसली की मी खाली खेळायला जायचे."

एकतीस वर्षं मी वागळे इस्टेटला,
सोळा नंबर रोड, टर्निंगला.
चार लेथ, मधे मी.
कानांसाठी कापूस मिळायचा,
त्यानं आम्ही जॉब पुसायचो.
कुठल्या साली, कुठल्या पाळीत
तो वरचा बारीक आवाज माझ्यातून निघून गेला,
कुठल्या कार्डावर पंच झालेलं नाही.

आणि कुमुद. नऊ वर्षं ज्वारी ओतत राहिली,
कधी काही म्हणाली नाही.
की म्हणाली होती.

प्रमिलाबाईंना यातलं काही कळवलं नाही.
लिहिलं: सहा हजार परत. टेम्पो तुमचा.
त्यांनी लिहिलं: टेम्पो अर्धा अर्धा.
दोन दिवस दोघंही गप्प, निळ्या खुणा तेवढ्या जाग्या.
मग त्या: टेम्पो माझा. तांदळाची बारीक जाळी ठेवून घेते.
मी: ठेवा.
आठशे रुपये भाड्याची जाळी
बाजारात दीडशेला मिळते, हे मी बोललो नाही.
त्यांनाही ठाऊक असणार.

आता ती परत गॅलरीत आहे,
आत ज्वारीवर तांदळाचा पातळ थर.
नवीन जाहिरात मी सांगतोय, ऊर्वी टाइप करतेय:
नऊ वर्षं वापरलेली. पाच जाळ्या. चार हजार.
आवाज आहे.
"किती आहे लिहू?" ती विचारते.

मी बटण दाबतो
आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतो.